लिनक्स आणि सामान्य वापरकर्ता : सुलभतेचा प्रश्न

एखादी भाषा सोपी की अवघड, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी विचारतो, आणि त्याचे एका शब्दात उत्तर देण्यास कोणताही अध्यापक धजत नाही. गुजराती भाषकाला मराठी ज्या अर्थाने सोपी वाटते त्या अर्थाने ती जपानी भाषकाला सोपी वाटणे शक्य नाही. शिवाय बाजारहाटापुरती मराठी बोलणे आणि न्यायालयात मराठीतून अर्ज दाखल करणे यांत जे अंतर आहे, तेही ‘सोपी’ या एका विशेषणात मावत नाही. सोपेपणा हा भाषेच्या अंगचा गुण नसून भाषा, ती वापरणारा आणि ज्या प्रसंगी ती वापरावयाची तो प्रसंग, या तिहींमधील तो एक संबंध आहे.

लिनक्स ही संगणकप्रणाली तंत्रज्ञ नसलेल्या माणसाला पेलेल काय, हा गेली पंचवीस वर्षे विचारला जाणारा प्रश्न नेमका याच जातीचा आहे. त्याची उत्तरेही दोन टोकांची मिळतात. एक पक्ष म्हणतो की आता ती कोणालाही सहज वापरता येते. दुसरा म्हणतो की पहिल्याच अडचणीला माणूस काळ्या पडद्यासमोर येऊन उभा राहतो आणि तेथे त्याची मती कुंठित होते. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही पक्ष खरे बोलत आहेत. फक्त ते निरनिराळ्या प्रसंगांविषयी बोलत आहेत. हे प्रसंग कोणते, आणि त्यांपैकी कोणत्या प्रसंगी अडचण खरी व कोणत्या प्रसंगी केवळ भासमान असते, हे भाषाशास्त्राच्या परिचित संज्ञांच्या साहाय्याने पाहण्याचा येथे विचार आहे.

आपल्यापुरता हा विषय केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे असंख्य संगणक कागदोपत्री निकामी ठरले. पदव्युत्तर वर्गातील पुष्कळ विद्यार्थी जुना, दुसऱ्याच्या हातून आलेला लॅपटॉप वापरतात. त्यांनी नवा घ्यावा, असुरक्षित प्रणालीवरच काम रेटावे, की लिनक्सकडे वळावे, हा निर्णय त्यांना आज घ्यावयाचा आहे.

प्रथम संज्ञांचा थोडा खुलासा करणे इष्ट होईल. लिनक्स म्हणजे काटेकोर अर्थाने प्रणालीचा केवळ गाभा. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने तो २५ ऑगस्ट १९९१ रोजी जाहीर केला. त्याभोवतीची अनेक साधने रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू या प्रकल्पातून आली. चित्रे, खिडक्या, मेनू असलेला जो दर्शनी भाग वापरणाऱ्याला दिसतो तो या गाभ्याचा भाग नव्हे. तो केडीई (१९९६) किंवा ग्नोम (१९९७) यांसारख्या स्वतंत्र प्रकल्पांनी घडविला. गाभा, साधने आणि दर्शनी भाग यांची मोट बांधून जे वापरण्याजोगे रूप तयार होते त्याला ‘वितरण’ म्हणतात. उबुंटू, फेडोरा, लिनक्स मिंट ही त्यांतील प्रसिद्ध नावे. एकाच भाषेच्या बोलींप्रमाणे ही वितरणे परस्परांना बहुतांशी समजतात, पण प्रत्येकीच्या लकबी वेगळ्या. आणि कोणती ‘प्रमाण’ मानावी हे ठरविणारी कोणतीही संस्था नाही. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

आता सुलभतेकडे वळू. आपल्या शास्त्रकारांनी शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे प्रकार मानले आहेत. ‘पाचक’ शब्दाचा अर्थ त्याच्या अवयवांवरून कळतो. ‘घोडा’ शब्दाचा अर्थ अवयवांवरून कळत नाही, तो रूढीनेच ठाऊक असावा लागतो. आणि ‘पंकज’ शब्दाचे अवयव अर्थ सुचवितात खरे, परंतु चिखलात जन्मणाऱ्या हजार वस्तूंपैकी कमळच का, हे रूढी ठरविते. संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक नाव आणि प्रत्येक चिन्ह या तिहींपैकी एका वर्गात पडते. ‘आउटलुक’ म्हणजे पत्रव्यवहाराचे साधन आणि ‘एक्सेल’ म्हणजे आकडेमोडीची चौकट, हे त्या शब्दांच्या पोटात कोठेही नाही. फाइल जतन करण्याचे चिन्ह म्हणून ज्या चौकोनी चकतीचे चित्र वापरतात ती चकती आजच्या विद्यार्थ्याने पाहिलेलीही नसते. विंडोज ९५ मध्ये संगणक बंद करावयाचा तर ‘सुरू करा’ या अर्थाच्या कळीवर जावे लागे. यांतील कशानेही कोणी अडत नाही, कारण हे सारे रूढ झालेले आहे. विंडोजची सुलभता पुष्कळ अंशी अशी रूढ सुलभता आहे.

याचा उत्तम पुरावा खुद्द मायक्रोसॉफ्टनेच दिला. २०१२ साली विंडोज ८ मध्ये तीच ‘सुरू’ची कळ काढून टाकण्यात आली. प्रणाली तीच, कंपनी तीच, वापरणारेही तेच. तरी गहजब झाला आणि २०१३ मध्ये ८.१ या आवृत्तीत ती कळ परत आणावी लागली. ज्यांनी तक्रार केली ते लोक एकाएकी मंदबुद्धी झाले नव्हते. त्यांची रूढी मोडली होती, एवढेच.

लिनक्सच्या पहिल्या दर्शनी रूपांत मात्र दोष दुहेरी होता : नावे अवयवांवरून कळणारी नव्हती आणि रूढीचा आधारही त्यांना नव्हता. फाइली पाहण्याचे साधन ‘नॉटिलस’, जालावर वावरण्याचे ‘एपिफनी’, चित्रफिती पाहण्याचे ‘टोटेम’. केडीईकडे तर जवळजवळ प्रत्येक नावात ‘के’ हे अक्षर बसविण्याची हौस. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने २००१ साली ग्नोमची प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून परीक्षा करून घेतली, तेव्हा तांत्रिक परिभाषेचा पडद्यावरील सुळसुळाट हा एक मोठा अडथळा म्हणून पुढे आला. त्यानंतर ग्नोमने दर्शनी भाग कसा असावा याचे लिखित संकेत सिद्ध केले. पुढे २०१२ च्या सुमारास उपरोक्त साधनांची दर्शनी नावे बदलून ती ‘फाइल्स’, ‘वेब’, ‘व्हिडिओज’ अशी साधी करण्यात आली. रूढीचे बळ नसेल तर नाव निदान यौगिक असावे, हे व्याकरणकाराला शोभेल असे शहाणपण त्यांना दहा-पंधरा वर्षांनी सुचले, असे म्हणण्यास हरकत नाही.

तेव्हा दैनंदिन वापराचा प्रसंग घेतला तर आज लिनक्समध्ये अवघड असे फारसे उरलेले नाही. बहुतेकांचे बहुतेक काम आता जालदर्शकातच चालते, आणि फायरफॉक्स किंवा क्रोम दोन्हीकडे सारखेच दिसतात. लेखनासाठी लिबरऑफिस आहे. नवे साधन हवे असल्यास भ्रमणध्वनीप्रमाणेच येथेही एका ‘दुकानातून’ ते घेता येते. किंबहुना ही एकाच भांडारातून सर्व साधने मिळण्याची व अद्ययावत होण्याची रीत लिनक्सच्या जगात भ्रमणध्वनींच्या कितीतरी आधीपासून आहे. ज्यांच्या मनात लिनक्सचे नाव काढताच धडकी भरते त्यांपैकी बहुतेकांच्या खिशातील अँड्रॉइड भ्रमणध्वनी लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. २०११ पासून विकले जाणारे क्रोमबुक आणि २०२२ मध्ये आलेले स्टीम डेक हे खेळाचे यंत्रही त्याच गाभ्यावर उभे आहेत, आणि ही यंत्रे वापरणाऱ्यांना तंत्रज्ञ म्हणता येणार नाही. येथे कोणी म्हणेल की ही यंत्रे दुकानातून तयार मिळतात. मुद्दा तोच आहे. सामान्य माणसाने विंडोज तरी स्वतः कधी बसविली? ती आयती मिळाली. लिनक्स मात्र त्याने स्वतः बसवावी आणि मग दोहोंची तुलना करावी, अशी आपली अपेक्षा असते. ही तुलना म्हणजे मातृभाषेची आणि प्रौढपणी शिकलेल्या परभाषेची तुलना होय.

उबुंटूच्या कर्त्यांनी ही अडचण ओळखली होती. ऑक्टोबर २००४ मध्ये त्यांची पहिली आवृत्ती निघाली, आणि मागेल त्याला तिची चकती टपालाने विनामूल्य पाठविण्याचा उपक्रम त्यांनी २०११ पर्यंत चालविला. बसविण्यापूर्वीच प्रणाली चालवून पाहता येईल अशी त्या चकतीची योजना होती. आता चकतीची जागा पेनड्राइव्हने घेतली आहे, इतकाच फरक. तरीसुद्धा जगातील मेजावरच्या संगणकांत लिनक्सचा वाटा, स्टॅटकाउंटरच्या जालवापरावर आधारलेल्या मोजणीप्रमाणे, ४ टक्क्यांची मर्यादा ओलांडावयास फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. दैनंदिन वापर इतका सोपा असूनही हे असे का?

माझ्या मते याचे उत्तर दुसऱ्या प्रसंगात, म्हणजे काही बिघडल्याच्या प्रसंगात आहे. येथे चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली मांडलेल्या ‘डायग्लॉसिया’ या संकल्पनेचे स्मरण होते. अरबी, अर्वाचीन ग्रीक, स्विस जर्मन आणि हैतीची क्रिओल ही त्यांची चार उदाहरणे विद्यार्थ्यांना ठाऊक आहेत. एकाच समाजात भाषेची दोन रूपे नांदतात. एक घरगुती, ते सर्वांना येते; दुसरे प्रतिष्ठित, ते शिकूनच मिळवावे लागते आणि गंभीर प्रसंगी त्याचाच वापर करावा लागतो. घरगुती रूपावर माणसाचे आयुष्य सुखाने चालते. अडते ते कचेरीच्या दारात.

लिनक्सचा संसार हा असाच द्विस्तरीय आहे. चित्रांचा आणि मेनूंचा दर्शनी भाग हे त्याचे घरगुती रूप. टर्मिनल, म्हणजे जेथे आज्ञा टंकावयाच्या तो काळा पडदा, हे त्याचे प्रतिष्ठित रूप. छपाईयंत्र ओळखले गेले नाही, बिनतारी जाळ्याचे उपकरण चालेना, अद्ययावतीकरण अर्ध्यावर अडकले, की साहाय्य मागावे लागते. आणि साहाय्य जवळजवळ नेहमीच आज्ञांच्या रूपात मिळते. “अमुक ओळ उचला, टर्मिनलमध्ये चिकटवा, परवलीचा शब्द द्या.” याला जाणत्यांचा अहंकार म्हणण्याची प्रथा आहे. थोडा अहंकार असेलही. पण खरे कारण भाषिक आहे, आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

दर्शनी भागातील कृती शब्दांत सांगणे दुष्कर असते. “वरच्या उजव्या कोपऱ्यातील चिन्हावर जा, त्यातून सेटिंग्ज उघडा, डावीकडील यादीत खाली या...” असे सांगत गेले तर त्यातील प्रत्येक पायरी वितरणागणिक, दर्शनी रूपागणिक आणि आवृत्तीगणिक बदलते. सांगणाऱ्याचा उजवा कोपरा ऐकणाऱ्याच्या पडद्यावर डावा असू शकतो. उलट आज्ञा ही अक्षरांची ओळ असल्यामुळे ती जशीच्या तशी उद्धृत करता येते. ती संदर्भावर कमी अवलंबून असते. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर दर्शनी मार्गदर्शन हे ‘हा’, ‘तो’, ‘इकडे’, ‘वर’ अशा दर्शक शब्दांनी भरलेले असते आणि बोलणारा व ऐकणारा एकाच पडद्यासमोर असल्याखेरीज ते अर्थवाही होत नाही. आज्ञा दूरवरूनही अर्थवाही राहते. दूरस्थ, परस्परांस अनोळखी अशा माणसांच्या समाजात जे रूप उद्धरणक्षम असेल तेच प्रतिष्ठित रूप बनणार. अर्थात आज्ञांतही बोलीभेद आहेतच : साधन बसविण्यासाठी उबुंटूत एपीटी, फेडोरात डीएनएफ, आर्चमध्ये पॅकमन. पण हे भेद मोजके आहेत. कोपऱ्यांचे भेद अगणित आहेत.

उद्धरणक्षमतेचा धोकाही येथेच दडलेला आहे. जी ओळ न समजता चिकटवता येते ती न समजताच अमलातही येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये याचे एक उदाहरण जगाने पाहिले. संगणकविषयक चित्रफितींसाठी प्रसिद्ध असलेले कॅनडातील लिनस सेबॅस्टियन यांनी पॉप ओएस नावाच्या वितरणावर स्टीम हे खेळांचे साधन बसविण्याचा प्रयत्न केला. दर्शनी दुकानातून ते बसेना. म्हणून ते टर्मिनलकडे वळले आणि तेथे आज्ञा दिली. प्रणालीने भली मोठी यादी दाखविली, हे करणे घातक ठरू शकेल असा इशारा दिला आणि पुढे जावयाचे असल्यास ‘होय, मी सांगतो तसे कर’ अशा अर्थाचे एक संपूर्ण इंग्रजी वाक्य टंकण्यास सांगितले. त्यांनी ते टंकले. एका दोषामुळे त्या यादीत दर्शनी भागच काढून टाकण्याची सूचना होती. ती तंतोतंत पाळली गेली आणि पडद्यावर टर्मिनलखेरीज काही उरले नाही.

जे. एल. ऑस्टिन यांच्या भाषिक कृतीच्या सिद्धांताचा अभ्यास करणाऱ्यांनी या प्रसंगाची नोंद अवश्य घ्यावी. त्या वाक्याने संमती ही कृती घडावी अशी रचनाकारांची अपेक्षा होती. म्हणूनच नुसते एक अक्षर न मागता पूर्ण वाक्य मागितले होते. परंतु वाक्य उच्चारण्याची सक्ती केल्याने संमतीच्या पूर्वअटी पूर्ण होत नाहीत. ज्याला यादीचा अर्थ लागला नाही त्याच्या दृष्टीने ते वाक्य संमती नव्हते, दार उघडण्याचा मंत्र होता. लग्नातील सप्तपदीच्या वेळी भटजी सांगतील ते म्हणणाऱ्या वराची स्थिती फारशी वेगळी नसते. पण तेथे निदान आप्तेष्ट शेजारी उभे असतात. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की सेबॅस्टियन हे संगणकाच्या यंत्रसामग्रीचे चांगले जाणकार आहेत. ते अडाणी नव्हते. त्या समाजाचे प्रतिष्ठित रूप मात्र त्यांना येत नव्हते. पुढे एपीटीच्या कर्त्यांनी हे वाक्य टंकून पुढे जाण्याची वाटच बंद केली, हे त्यांना भूषणावह आहे.

आता आपल्या अधिक जिव्हाळ्याच्या बाजूकडे, म्हणजे मराठीकडे वळू. सामान्य माणसाला सोपे व्हावयाचे तर पडद्याने त्याच्या भाषेत बोलावे, हे कोणीही मान्य करील. ग्नोम आणि केडीई या दोहोंची मराठी रूपे उपलब्ध आहेत. त्यासाठी पुष्कळ स्वयंसेवकांनी, तसेच पुण्यातील रेड हॅटच्या कचेरीतील भाषांतरकारांनी परिश्रम घेतले आहेत. हे काम गेटटेक्स्ट नावाच्या साधनाने चालते. कार्यक्रमातील प्रत्येक इंग्रजी वाक्य एका यादीत येते आणि त्यासमोर भाषांतरकाराने मराठी वाक्य लिहावयाचे असते. जेथे फाइलीचे किंवा कप्प्याचे नाव ऐनवेळी येऊन बसणार, तेथे टक्केवारीचे चिन्ह आणि एक अक्षर घालून रिकामी जागा सोडलेली असते. वाक्यातील रिकाम्या जागांचा क्रम बदलण्याची सोय आहे, त्यामुळे क्रियापद शेवटी आणण्यात अडचण नाही. अनेकवचनाची सोयही आहे.

पण या रचनेत इंग्रजी नामाचा एक गुण गृहीत धरलेला आहे, आणि तो म्हणजे नाम वाक्यात कोठेही बसविले तरी त्याचे रूप बदलत नाही हा. मराठी नाम असे आज्ञाधारक नाही. विभक्तिप्रत्यय वा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप व्हावे लागते. ‘चित्रे’ या कप्प्यात फाइल हलवावयाची असेल तर मराठीत ‘चित्रांमध्ये हलवा’ म्हणावे लागेल. यंत्र म्हणते, ‘चित्रे मध्ये हलवा’. लिंगाची गोष्ट तर याहून बिकट आहे. फाइल उघडता ‘आली’ नाही, दस्तऐवज उघडता ‘आला’ नाही, चित्र उघडता ‘आले’ नाही. रिकाम्या जागेत काय येणार हे भाषांतरकाराला आगाऊ ठाऊक नसते, म्हणून तो सर्वत्र नपुंसकलिंग योजतो आणि वाचणाऱ्याला पदोपदी ठेच लागते. चांगल्या भाषांतरकारांनी यातून वाट काढली आहे : ‘“चित्रे” या कप्प्यात हलवा’ असे लिहिले की सामान्यरूपाचे ओझे ‘कप्पा’ हा ज्ञात शब्द उचलतो आणि रिकामी जागा प्रथमेत निश्चिंत राहते. ही युक्ती मराठीच्या स्वभावातील आहे. ‘पुणे या शहरात’ असे आपण लिहितोच. परंतु ती प्रत्येक वाक्यात जाणीवपूर्वक योजावी लागते, आणि हजारो वाक्यांच्या यादीत ती सर्वत्र साधली जात नाही.

याखेरीज आणखी एक गंमत दिसते. मेनूंतील मराठी शब्दांपुढे कित्येकदा कंसात एक रोमन अक्षर असते. ते कळफलकावरून तो पर्याय निवडण्याचे संकेताक्षर होय. मूळ इंग्रजी शब्दात ते अक्षर शब्दाच्या पोटातच अधोरेखित असते. मराठीत ते उपरे म्हणून बाहेर उभे राहते. मराठी मेनू वापरतानाही हात इंग्रजी कळफलकावरच आहे, अशी त्यामागची समजूत उघड दिसते. शिवाय भाषांतर अपुरे राहिले तर एकाच खिडकीत वरचे वाक्य मराठी आणि खालचे इंग्रजी असे दृश्य दिसते. आणि काही बिघडले म्हणजे टर्मिनलमधील साहाय्य तर इंग्रजीच. ज्याला थोडेफार इंग्रजी येते तो अशा वेळी सारी प्रणालीच इंग्रजी करून टाकतो. इशाऱ्याचा मजकूर शोधयंत्रात जसाच्या तसा घालून उत्तर मिळवावयाचे असेल तर त्याचे हे करणे शहाणपणाचेही असते. परिणामी मराठी रूप वापरणारे घटतात, दोष कळविणारे घटतात, आणि भाषांतर जेथल्या तेथे राहते. या चक्रातून अल्पसंख्य भाषांचीच नव्हे, आठ कोटींहून अधिक भाषकांच्या भाषेचीही सुटका झालेली नाही.

मराठी लिहिण्याच्या बाबतीत मात्र लिनक्सची बाजू सामान्यतः समजतात तितकी लंगडी नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक प्रत्येक प्रमुख वितरणात असतो. उच्चारानुसारी टंकनाची सोयही आहे. जोडाक्षरे आणि मात्रा जुळविण्याचे काम हार्फबझ हे साधन करते, आणि ते इतके भरवशाचे आहे की लिनक्सच्या बाहेरही, अँड्रॉइडपासून फायरफॉक्सपर्यंत, तेच वापरले जाते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद राखण्यासाठी युनिकोडमध्ये नुक्तायुक्त ‘ऱ’ची योजना आहे, इन्स्क्रिप्टमध्ये ‘र’च्याच कळीवर शिफ्ट दाबून तो मिळतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदी वळणांहून वेगळी. मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितल्यावर ती आपोआप निवडणारे टंकही आहेत. २००४ साली रेड हॅटने लोहित टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध केले, तेव्हापासून लिनक्सवरील देवनागरीला पायाखाली जमीन मिळाली.

खरी अडचण जुन्या मजकुराची आहे. महाराष्ट्रातील छापखाने, नियतकालिके आणि कित्येक कचेऱ्या यांनी दीर्घकाळ श्रीलिपीसारखी विंडोजवरची साधने आणि युनिकोडपूर्व टंक वापरले. त्या टंकांत ‘क’ हे अक्षर म्हणून नव्हे तर एखाद्या रोमन चिन्हाच्या जागी काढलेले चित्र म्हणून साठविलेले असते. टंक नसेल तर सारा मजकूर निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग दिसतो. प्रबंधाचे मुद्रण करून देणारा दुकानदार पेजमेकरमध्ये काम करीत असेल तर विद्यार्थ्याची लिनक्स कितीही सोपी असो, शेवटच्या आठवड्यात त्याला विंडोजच्या दारी जावेच लागते. हा दोष लिनक्सचा नाही. पण अडचण भोगणाऱ्याला दोष कोणाचा याच्याशी काय कर्तव्य?

यावरून आपण तिसऱ्या घटकाकडे येतो. भाषा टिकते ती शेजाऱ्यांमुळे, व्याकरणाच्या गुणामुळे नव्हे. विंडोज वापरणाऱ्याला अडचण आली तर भाचा, शेजारी, कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला, कोणीतरी ती सोडवितो. २००१ पासून महाराष्ट्रात लक्षावधी लोकांनी एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम पुरा केला. त्यातील संगणक म्हणजे विंडोज आणि लेखन म्हणजे वर्ड, असाच तो दीर्घकाळ शिकविला गेला. सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र मागितले जाते. मग विंडोज सोपी वाटली यात नवल ते काय?

केरळात याच काळात उलट घडले. तेथे २००१ साली आयटी ॲट स्कूल हा शालेय प्रकल्प सुरू झाला, आणि काही वर्षांतच तो मुक्त प्रणालींकडे वळला. २०१७ मध्ये त्याचे ‘काइट’ या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. हजारो शाळांतील मुले गणित, भूगोल, संगीत हे विषय शिकताना लिनक्सच वापरतात आणि दहावीची संगणकविषयाची परीक्षाही तीवरच देतात. या यशाचे रहस्य प्रणालीत शोधणे व्यर्थ होय. ती उबुंटूचेच एक सिद्ध केलेले रूप आहे. रहस्य शिक्षकांत आहे. प्रकल्पाने शाळांतील शिक्षकांमधूनच प्रशिक्षक निवडले, त्यांनी इतर शिक्षकांना शिकविले, आणि बिघाड झाला तर विचारावयास जवळपास आपल्याच भाषेत बोलणारा माणूस असेल अशी व्यवस्था केली. फर्ग्युसनांच्या परिभाषेत सांगावयाचे तर प्रतिष्ठित रूप जाणणारा दुभाषा प्रत्येक गावात नेमला गेला.

जर्मनीतील म्युनिक शहराची कथा याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. २००३ मध्ये नगरपरिषदेने लिनक्सकडे जाण्याचे ठरविले आणि २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक ‘लिमक्स’ या तेथील वितरणावर आणले. परंतु नोव्हेंबर २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा ठराव झाला. राजकीय कारणे होती. बाहेरच्या कचेऱ्यांशी दस्तऐवजांची देवाणघेवाण करताना होणारा त्रासही होता. म्हणजे शहराने आपल्यापुरती नवी भाषा स्वीकारली, परंतु भोवतालचा प्रदेश जुनीच बोलत राहिला. केरळातील शाळेला बाहेरच्यांशी असा रोजचा व्यवहार करावा लागत नव्हता.

आपल्या विभागापुरते पाहिले तर स्थिती संमिश्र आहे. ध्वनिविश्लेषणासाठी आपण वापरतो ते प्राट आणि क्षेत्रकार्यातील ध्वनिचित्रमुद्रणांना टीपा जोडण्याचे एलान, ही दोन्ही साधने लिनक्सवर उत्तम चालतात. जो विद्यार्थी वाचन, युनिकोडमधील लेखन आणि ध्वनिविश्लेषण एवढेच करतो, त्याच्या जुन्या लॅपटॉपला लिनक्स मिंटसारखे वितरण नवे आयुष्य देईल आणि त्याला टर्मिनलचे तोंड महिनोन् महिने पाहावे लागणार नाही. ज्याचे मार्गदर्शक वर्डच्या फाइलीत दुरुस्त्या करून पाठवितात, त्याने लिबरऑफिसमध्ये त्या दुरुस्त्या आणि तळटीपा नीट उतरतात की नाही हे प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणावर पाहून घ्यावे, पाचव्यावर नव्हे. ज्याचे सारे जुने लेखन श्रीलिपीत आहे त्याने आधी ते युनिकोडमध्ये आणावे आणि मगच प्रणाली बदलण्याचा विचार करावा.

आणि कोणीही काहीही पुसून टाकण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून चार गोष्टी तपासाव्यात : बिनतारी जाळे, ध्वनिग्रहण, विभागातील छपाईयंत्र आणि चर्चासत्राच्या खोलीतील प्रक्षेपक. यांतील एखादी चालली नाही तर ती दुरुस्त करणारा जाणकार वसतिगृहात कोणत्या खोलीत राहतो, याचीही चौकशी त्याच दिवशी करून ठेवावी.